थांब म्हटलं की पळते

घरात घोडी असली की दोन गोष्टी रोज साचतात. एक लीद, दुसरे किस्से. लीद सकाळी टोपल्यात भरून बांधीत, म्हणजे भातशेतात, टाकता येते, धानाला चांगली असते. किस्से कुठं टाकायचे? म्हणून मग आमच्या बँडवाल्यांसोबत चहाला बसलो की एकेक बाहेर निघतो. आणि गंमत अशी, की प्रत्येक किश्शात पडणारा माणूस मीच असतो. घोडी एकदाही पडलेली नाही.

आमचं घर गोंदियाजवळच्या मुर्रीचं. वरातीला घोडी देणं हा आमचा आजोबांपासूनचा धंदा. बाबूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मैना नावाची पांढरी घोडी अठरा वर्षं वरातीत चालवली. माझ्या लग्नात मीसुद्धा तिच्यावरच बसलो होतो. यंदा तिच्या पुढच्या पायांना सूज यायला लागली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपून सांगितलं, "चालू द्या तिला, चालणं चांगलं. पण आता पाठीवर वजन नको."

बाबूजी तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मी बोललो, कारण मला बोलायची सवय आहे. म्हटलं, "बाबूजी, तुळशीच्या लग्नानंतरची पहिली वरात नवी घोडी नेईल. मैनेच्या पाठीवर आता खोगीर पडणार नाही. माझी गॅरंटी."

गॅरंटी माझी होती, पण ती पाळायची होती घोडीला.

केशोरीकडच्या एका शेतकऱ्याकडून तीन वर्षांची घोडी आणली. पांढरीशुभ्र, कपाळ रुंद, डोळे मोठे. नाव ठेवलं शांती. चुकायला तिथूनच सुरुवात झाली.

*

घोडेवाल्याच्या घरी जन्मलो म्हणजे आपल्याला घोडी शिकवता येते, असं मला बेचाळीस वर्षं वाटत होतं. तोवर मैना होती, त्यामुळे ते तपासायची वेळच आली नव्हती.

पहिल्या दिवशी शांतीवर बसलो. ती चार पावलं नीट चालली आणि पाचव्या पावलाला सुटली. मी लगाम धरून ओरडलो, "थांब, थांब, थांब!" ती काही थांबली नाही. मैदानाला एक चक्कर मारून थेट घरी, मैनेच्या बाजूला जाऊन उभी राहिली. असं आठ दिवस चाललं. ती पळायची, मी थांब थांब करायचो, आणि दोघंही मैनेपाशी पोचायचो. कधी कधी ती एकटीच पोचायची.

नवव्या दिवशी मी आंगणातच शांतीवर बसलो होतो. ती चुपचाप तणस, म्हणजे धानाचा पेंढा, चावत होती. माझी बायको सुनंदा चहाचा कप घेऊन दारात आली आणि मला घोडीवर बसलेला पाहून परत निघाली. मी म्हटलं, "थांब, येतोच."

शांतीनं तोंडातलं तणस टाकलं आणि फाटकातून सुसाट निघाली.

अर्ध्या तासानं मी लंगडत परत आलो, तर बाबूजी खाटेवर बसून होते. म्हणाले, "अरे, ते पळे तवाच तू थांब मने. आता तिले वाटते, पळण्यालेच थांब मन्तेत."

"मग आता काय करू?"

"घोडी तं शिकून राहिली. तू कवा शिकशील?"

त्या दिवसापासून घरात 'थांब' या शब्दाला बंदी आली. थांबायचं असेल तर 'पुरे' म्हणायचं ठरलं. बाबूजींनी नियम पाळला, सुनंदानं पाळला. नियम मी केला होता, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी विसरलो. डाव्या कोपरावर त्याची खूण अजून आहे.

*

शांती म्हशींत वाढलेली आहे, ही गोष्ट विकणाऱ्यानं सांगितली नव्हती. मीही विचारलं नव्हतं. मी दात पाहिले, खूर पाहिले, जाणकार माणसासारखा दोनदा हुंकार दिला आणि घेऊन आलो.

'पुरे' शिकवून झाल्यावर मी तिला बांधीकडच्या वाटेनं नेलं. मस्त चालत होती. मला वाटलं, जमलं आपल्याला. मी तर शीळसुद्धा वाजवली. वाटेत एक बोडी लागते, धानाला पाणी देण्यासाठी बांधलेलं छोटं तळं. शांतीनं पाणी पाहिलं, मान हलवली, सरळ आत शिरली आणि मधोमध जाऊन म्हशीसारखी बसली.

मी वर होतो. छातीपर्यंत पाणी. 'चल' म्हटलं, ती बसून. 'पुरे' म्हटलं, तर आणखी आरामात बसली. आता 'थांब' म्हणावं की नाही, असा विचार करत मी दहा मिनिटं तिथं बसलो. म्हणायची हिंमत झाली नाही.

काठावरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक बाई चालली होती. ती थांबली. बराच वेळ पाहून म्हणाली, "का जी भाऊ, मासोळ्या धरून राहिले का?"

मी म्हटलं, "हो."

"तं घोडीवर बसून कायले?"



*

वरातीच्या घोडीला बँडची भीती वाटून चालत नाही. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात सांगितलं होतं की जनावराला आवाजाची सवय खाण्यातून लावा. म्हणून रोज चण्याची बालटी तिच्यापुढं ठेवायची आणि बाजूला स्पीकरवर बँड लावायचा, असं सुरू केलं. पंधरा दिवसांत भीती गेली. बँड वाजला की शांतीचे कान उभे राहायचे आणि तोंडाला पाणी सुटायचं. मी सगळ्यांना सांगत सुटलो की हे सायन्स आहे.

मग खऱ्या बँडसमोर तालीम ठेवली. आमचे बँडमास्तर गोंदियाचे, बोलणं सगळं हिंदीत. त्यांनी हात वर केला, ताशा घुमला, आणि शांती आनंदानं पुढं गेली. तिला वाटलं, एवढा मोठा आवाज म्हणजे चणेही तेवढेच असतील. बालट्या शोधायला लागली. बालटीसारखं तिथं एकच होतं, ते मोठ्या बाजाचं रुंद पितळी तोंड. तिनं त्यात कानापर्यंत डोकं घातलं आणि चणे मिळाले नाहीत म्हणून आतच फुरफुरली.

अख्खा बँड बंद पडला. वाजवणारा माणूस मागच्या मागं बसला. मास्तरांनी टोपी काढून घाम पुसला आणि मला म्हणाले, "भैया, इसको बजाने के लिए रख लेते हैं. इससे तो अच्छा सुर निकला."

*

वजनाची सवय व्हावी म्हणून मी एक युक्ती केली. धानाचं पोतं खोगिरावर बांधलं, त्याला जुनी शेरवानी घातली, वर फेटा आणि सेहरा. असा नवरदेव बसवून शांतीला अख्ख्या मुर्रीतून फिरवली. ती इतकी शहाण्यासारखी चालली की माझेच डोळे भरून आले. हॉर्न वाजला, कुत्री भुंकली, ट्रॅक्टर गेला, तिनं कानसुद्धा हलवला नाही.

पिंपळाच्या ओट्यावर बसलेल्या एका आजीनं विचारलं, "कोणाचा पोट्टा हाय बापा? बोलत काऊन नाई?"

मी म्हटलं, "लग्न हाय आजी, आतापासूनच चुप हाय."

"चांगला हाय," आजी म्हणाली. "असाच पाह्यजे."

घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "पोत्यासंग एवढी नीट चालते. तं तुमच्यासंगच काऊन चालत नाई जी?"

मी काही बोलायच्या आत खाटेवरून उत्तर आलं. "पोतं लगाम ओढत नाई."

 दुसऱ्या दिवसापासून मी लगाम सैल धरायला लागलो. खरं सांगतो, फरक पडला.

*

हा किस्सा मी चहावर सांगत नाही.

पहिली वरात चार दिवसांवर आली होती आणि एका फाटक्या फ्लेक्सला बुजून शांतीनं मला रस्त्यावर टाकलं. मनगटाला प्लास्टर आलं. माझा धीर सुटला. मनात म्हटलं, एकच वरात तर आहे, मैना नेईल, नंतरचं नंतर पाहू. बाबूजी झोपले आहेत असं पाहून भर दुपारी मी एका हातानं खोगीर उचललं आणि मैनेच्या पाठीवर ठेवलं.

मैनेला वाटलं, काम आलं. तिनं अठरा वर्षांच्या सवयीनं मान ताठ केली, पाय जुळवून उभी राहिली. तेवढ्यात तिचा पुढचा उजवा पाय थरथरायला लागला. तिनं तो उचलला नाही, तसाच दाबून धरला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खोगीर काढून तिच्या मानेला डोकं लावून उभा राहिलो. तिला म्हटलं, "माफ कर माय."

वळलो तर बाबूजी जागे होते. म्हणाले, "शांती नेईल." एवढंच बोलून पुन्हा डोळे मिटले.

*

आणि मग ती वरात.

गोंदियाच्या अलीकडेच लग्नाचा लॉन होता, आमच्या घरापासून जवळ. शांती सजली होती. वर खराखुरा नवरदेव, चष्मेवाला, अंगानं बारीक, पोत्यापेक्षा हलकाच. बँड वाजत होता, पोरं नाचत होती, आणि शांती माझ्या सैल लगामात एकेक पाऊल टाकत चालली होती. बँडमास्तरांनी लांबूनच मला हात जोडले. माझी छाती फुगली.

लॉनच्या गेटसमोर फोटोवाला आला. म्हणाला, "भैया, आप बीच में आ रहे हो. लगाम छोडके साइड हो जाओ, अकेले दूल्हे का रील लेना है."

मी लगाम सोडला आणि बाजूला झालो. शांती उभीच होती. मग तिला तो मोठा पितळी बाजा दिसला आणि ती चण्यांच्या आशेनं एक पाऊल पुढं सरकली. एकच पाऊल. महिनाभर पाळलेला नियम, कोपराची खूण, मनगटाचं प्लास्टर, सगळं असून माझ्या तोंडातून निघालं, "थांब!"

गर्दी दुभंगली. फेटा एकीकडे उडाला. नवरदेव घोडीच्या मानेला मिठी मारून मुर्रीच्या दिशेनं दिसेनासा झाला. नवरीचे वडील गेटात आरतीचं ताट घेऊन तसेच उभे राहिले.

पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. सुनंदा होती.

"ऐकता का जी, आपल्या आंगणात एक नवरदेव आला हाय. चहा देऊ का जेवाले वाढू?"

मी कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून घरी पोचलो. शांती मैनेच्या बाजूला उभी होती. नवरदेव वरच बसून बशीतून चहा पीत होता. त्याला उतरायची भीती वाटत होती आणि बसायचीही. मी लगाम धरून ओढला, पुचकारलं, चणे दाखवले. शांती मैनेला सोडून जागची हलेना. तिकडे मुहूर्त निघून चालला होता.

बाबूजी खाटेवरून उठले. मैनेच्या पाठीवर खोगीर नाही, नुसती लाल झूल टाकली. गळ्यात झेंडूचा हार घातला. दोर हातात घेऊन तिला म्हणाले, "चाल माय, हिले दाखव." मैना निघाली. तिच्या मागं शांती निघाली, शांतीवर नवरदेव, आणि सगळ्यांच्या मागं मी, हातात त्याची रिकामी बशी घेऊन.

लॉनजवळ वरात पुन्हा सुरू झाली. बँड वाजला, फटाके फुटले. मैना तिच्या चालीनं पुढं गेली, गेटापाशी पोचली, आणि कोणी काही न म्हणता, नवरदेव उतरतात त्या जागी तोंड वळवून उभी राहिली. शांती तिच्या शेजारी येऊन तशीच उभी राहिली. नवरदेव उतरला.

नवरीचे आजोबा बाबूजींच्या जवळ आले. "दोन घोड्या काऊन आणल्या जी?"

बाबूजी म्हणाले, "एक शिकवते, एक शिकते."

आजोबांनी माझ्याकडे बोट केलं. माझ्या हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात बशी. "आन् हा?"

बाबूजींनी मैनेचा दोर सावरला.

"हा मधात येते."