पाहुण्यांसाठी घेतलेला ट्रेलर

ट्रेलर मी निवडला. गावात अजून म्हणतात, परदेशातल्या शेवटच्या दिवसांत माझ्या नवऱ्याला चाकांवरच्या घराची हौस आली होती. त्यांची हौस वेगळी होती. ती मी मोडली.

माझा नवरा सौदीत यान्बूला एका कारखान्यात क्रेन चालवायचा. तीस वर्षं. त्यातली पहिली बावीस मी रत्नागिरीकडे गावीच होते, सासू, मुलं आणि घर सांभाळत. मुलांची लग्नं झाल्यावर मला बोलावून घेतलं. कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्या होत्या, पुढे थोडं अंगण. क्रेनच्या केबिनमधून त्यांना रोज समुद्र दिसायचा. सुट्टी मिळाली की मात्र गाव गाठायचं, कुणाचं लग्न, कुणाचं छप्पर, आणि परत कामावर. शेवटचा दोन वर्षांचा करार सुरू झाला तेव्हा ते म्हणाले, "इथून वर उत्तरेकडे किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता जातो. उमलुज, अल वज्ह, अगदी टोकापर्यंत. आठ दिवस काढू. तू आणि मी. वाटेल तिथं थांबू."

वाटेत झोपायला काहीतरी हवं म्हणून जुनी वाहनं विकणाऱ्या एका सौदी माणसाच्या आवारात आम्ही गेलो. दोन वस्तू शेजारी उभ्या होत्या. एक घडीचा कॅम्पर. बंद असताना कमरेएवढी पेटी. हँडल फिरवलं की छप्पर वर येई, दोन्ही बाजूंना एकेक पलंग बाहेर सरके आणि भोवती कापडाच्या भिंती उभ्या राहत. आमच्या जुन्या जीपने तो सहज ओढला असता. दुसरा ट्रेलर. पक्क्या भिंती, चार माणसांचे पलंग, गॅस, फ्रिज, आणि आत संडास.

नवरा कॅम्परमध्ये शिरला आणि पलंगावर आडवाच झाला. कापडाची खिडकी उघडून मला म्हणाला, "अगे, ये तरी. वारा बघ कसा येतो."

मी म्हटलं, "वारा येतो तशी वाळूपण येईल. भातात. आणि कापडाला काय कडी लावणार? होडीवर ताडपत्री टाकून झोपायचं असतं तर मी गावीच झोपले असते."

"आठच दिवस झोपायचं आहे. जन्म नाही काढायचा."

"आणि बाकीचे दिवस? नुसता उभा राहणार? ट्रेलर घेतला तर पाहुण्यांची सोय होईल."

ही माझी खरी गोष्ट होती. आमच्याकडचं कुणी उमऱ्याच्या यात्रेला आलं की मक्का करतं, मदिना करतं, आणि मदिनेहून अडीच तासांवर आपलं माणूस असेल तर तिथं येतं. येणारच. त्यांना जेवू घालायचं, झोपायला द्यायचं. नाही दिलं तर गावात बातमी आपल्या आधी पोचते. दोन खोल्यांत मी बायकांना आत आणि पुरुषांना बाहेर झोपवून कंटाळले होते. मला अंगणात तिसरी खोली हवी होती, संडासासकट. किनारा माझ्या डोक्यातही नव्हता.

ते पलंगावरून उठून बाहेर आले. मग म्हणाले, "जीप हा ओढणार नाही."

"मग मोठी गाडी घ्या पुढे."

विकणारा आमच्याकडे बघून हसला आणि मोडक्या हिंदीत त्यांना म्हणाला, "मॅडम बोला, खलास."

विषय खलास झालाच. ट्रेलर घरी आणताना जीपमधून जळका वास यायला लागला. बैलाच्या चालीने आणला. अंगणात उभा केला, चाकांना दगड लावले. मोठी गाडी कधी आली नाही.

पहिली आली माझी नणंद, गावच्या पाच बायका घेऊन. ट्रेलर बघून म्हणाली, "भाभी, तू तर हॉटेल काढलंस! दादाला मॅनेजर ठेव." सगळ्या हसल्या. मीही हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तांदळाच्या भाकऱ्या, हमूर माशाचं सालन, सांदणं. गावात माझं नाव झालं. मग येणाऱ्यांची रीघ लागली. उमऱ्याला आलेली ओळखीची माणसं आली, त्यांच्या ओळखीची आली.

ट्रेलरच्या संडासाखाली एक टाकी असते. ती भरली की ओढून नेऊन रिकामी करावी लागते. हे मला घेताना ठाऊक नव्हतं, त्यांना होतं. सकाळच्या ड्युटीच्या आधी ते ती टाकी ओढत वसाहतीच्या मोठ्या गटारापर्यंत नेत. दोन वर्षं त्यांनी परक्या माणसांची घाण काढली. मला एकदाही बोलले नाहीत. किनाऱ्याचं मात्र तीनदा बोलले. एकदा नणंद यायची होती. एकदा तिच्या दिराची माणसं. तिसऱ्यांदा म्हणाले, "जीपमध्ये चटई टाकू, ट्रेलर राहू दे इथंच." तेव्हा आठ माणसं मदिनेहून निघालेली होती. मी म्हटलं, "पाहुणे दारात आणि आपण फिरायला? तोंड दाखवायला जागा राहील का?"

ते म्हणाले, "बरं." पुन्हा विचारलं नाही.

करार संपला. ट्रेलर विकायला काढला तेव्हा घेणाऱ्याने विचारलं, किती फिरवला? नवरा म्हणाला, "एकदाच. त्या आवारातून इथवर." घेणारा खूश झाला. त्याची गाडी मोठी होती. जोडायला ह्यांनीच मदत केली, गल्लीच्या वळणापर्यंत मागे चालत हाताने खुणा केल्या, क्रेनला करतात तशा. परत येऊन हात धुतले आणि म्हणाले, "यल्ला, चल, सामान बांध."

मी विचारलं, "रागावलात?"

"राग कसला? दमून यायची माणसं. त्यांना पलंग मिळाला."

"मग घेणाऱ्याशी असं का बोललात?"

"कसं बोललो? अगे, मला आठ दिवस तू हवी होतीस, पाहुण्यांशिवायची. एवढंच होतं."

मी उठून भांडी आवरायला गेले.

गावी परतल्यावर दीड वर्षात ते गेले. मी आता जेद्दाला मुलाकडे राहते. गेल्या थंडीत मुलगा मला गाडीने उमलुजला घेऊन गेला. मी आधी नको म्हणत होते, मग गेले. समुद्र चांगला आहे. पाणी इतकं स्वच्छ की खालचे दगड दिसतात. आमच्या गावच्या खाडीत घोट्यापर्यंत उभं राहिलं तरी पाय दिसत नाहीत. किनाऱ्यावर लोकांनी तंबू लावले होते, कुणी चहा करत होतं. सून म्हणाली, "अम्मी, उतरा ना, पाण्यात पाय घाला."

मी उतरले नाही. गाडीत बसून बघितलं. तेव्हा हे मला दाखवायला नेणारा माणूस तयार होता, गाडी तयार होती, रस्ता तयार होता. मी दोन वर्षं कांदा चिरत राहिले.