मास्तरांचा रिकामा डबा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं आहे. तेवढं सांभाळून घ्या. हे कुणाला दाखवायचं म्हणून लिहीत नाही. पण कधी तुमच्या हाती पडलंच, तर आमच्या मास्तरांसारखा एखादा माणूस तुमच्याही शेजारी राहून गेला का, ते आठवून बघा.

मास्तर कधी "हो" म्हणत नसत. "मास्तर, सुई आहे का?" असं विचारलं, की सुईच आणून पुढे ठेवत. नसली तर दोन्ही तळवे उघडून दाखवत. सासूबाई म्हणायच्या, "अरे, तोंडाने बोल की! देवाने जीभ दिलीय ना?" त्यावर मास्तर गंभीरपणे म्हणत, "आजी, वस्तूच दिली तर 'हो' कशाला म्हणायचं?"

बंगळूरला मल्लेश्वरममध्ये आमच्या माडीवरच्या खोलीत ते भाड्याने राहत. मूळचे निपाणीचे. तिथे वडिलांची तंबाखूची वखार होती, आणि मुलाने गणितबिणित सोडून गादीवर येऊन बसावं असं वडिलांचं मत होतं. मास्तरांना तंबाखूच्या वासानेच शिंका येत. इथे ते एका कॉलेजात शिकवत आणि दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडे खाली येत.

आणि जेवताना लिस्प. लिस्प ही कम्प्युटरशी बोलायची भाषा. तिचं एक पुस्तक त्यांना अमेरिकेतल्या मित्राने पाठवलं होतं. त्याची पानं हळदीच्या बोटांनी पिवळी झाली होती.

"आजी, या भाषेत खोटं एकच. निल. निल म्हणजे रिकामं, ज्यात काहीसुद्धा नाही ते. बाकी सगळं खरं."

"सगळं कसं खरं असेल? आमचा दूधवाला बघ!"

"दूधवाला माणूस आहे. मशीनचं वेगळं. तिला विचारलं, पुढे जाऊ का? तर ती फक्त बघते, हातात काही आहे की नाही. काही असलं की हो. मग ते काहीही असो. शून्य असलं तरी हो."

"शून्य म्हणजे काही नाहीच की रे!"

"तिथेच सगळे फसतात. शून्य लिहिलेली चिठ्ठी डब्यात टाकली, तर डबा रिकामा राहिला का?"

मी दाराआड उभी राहून ऐकत असे. पुढे येऊन बोलायचा मला संकोच वाटे. पण हे मला लगेच पटलं. स्वयंपाकघरातलंच बोलणं होतं ते.

खुद्द कम्प्युटर मात्र बंगळूरला नव्हता. मास्तर कागदावर प्रोग्रॅम लिहून मुंबईला टपालाने पाठवत. तिथली माणसं त्यावरून कार्डांना भोकं पाडत आणि कार्डं मशीनला देत. मग उत्तराचा छापील कागद टपालाने परत येई. यात आठवडे जात. आधी पाठवलेले प्रोग्रॅम फसले होते. मशीन थांबेच ना, शेवटी तिथल्या लोकांनी बंद केली. एकच ओळ पुन्हा पुन्हा छापलेल्या कागदांचा गठ्ठा आला. तो पाहून कॉलेजातले साहेब म्हणाले, ही शेवटची खेप. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

दुसरं कॉलेज मिळेल अशी आशा नव्हती. नाहीतर म्हणजे निपाणी.

म्हणून या वेळी टपालात टाकण्याआधी मास्तरांनी प्रोग्रॅम घरीच चालवून बघायचं ठरवलं. त्यांनी सासूबाईंचे एकात एक बसणारे पितळी डबे मागितले.

"देते. पण पोचा आला तर निपाणीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडेन."

संध्याकाळी त्यांनी प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी आणि त्याच्या आतला लहान डबा अशी, प्रोग्रॅममधल्या यादीसारखी, मांडणी केली. सगळ्यात लहान डबा रिकामा. तो उघडला की थांबायचं. सगळं एकात एक बसवून त्यांनी फळीवर ठेवलं.

सकाळी ते मशीन होऊन पाटावर बसले. डबा उघडायचा, चिठ्ठी वाचायची, आत आणखी डबा असला की त्याचंही तेच. शेवटचा डबा हातात घेतला आणि तो खुळखुळला.

"यात तांदूळ कुणी टाकले?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी डबे पुसले, तर तो रिता. घरात रिता डबा ठेवू नये, चार दाणे असावेत. तुझ्या आईने सांगितलं नाही?"

"आजी, घात केलात! आता हे थांबणारच नाही. आत काहीतरी आहे म्हणजे अजून काम आहे!"

"मग कर की काम. सकाळची वेळ आहे."

मास्तर हसले. मग डब्यातल्या दाण्यांकडे बघत राहिले आणि डबा हातात घेऊनच माडीवर धावले. वरून पाकीट फाडल्याचा आवाज आला.

खाली आले तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते. मला म्हणाले, "यादी संपली ही खूण म्हणून मी शेवटी शून्य लिहीत होतो. जुन्या हिशेबी प्रोग्रॅमची सवय. साऱ्या जगाला शून्य खरं म्हणून सांगतो, आणि माझ्याच कागदावर! अक्का, मी आजवर मशीनला तांदळाचे दाणेच पाठवत होतो."

त्यांनी शून्य काढून तिथे निल लिहिलं आणि सदऱ्याची बटणं वरखाली लावून पोस्टात पळाले.

पुढचे आठवडे त्यांना घास उतरत नव्हता. सासूबाई ताटावर तूप वाढत म्हणायच्या, "स्वल्प तरी खा. वखारीत बसायलासुद्धा अंगात ताकद लागते."

एके दुपारी पोस्टमनने पातळसं पाकीट दिलं. मी घाबरले, आधी एवढा गठ्ठा आला होता, आणि हे एकच पान! मास्तरांनी ते पायरीवरच उघडलं आणि पान माझ्या हातात दिलं. मला इंग्रजी येत नाही. त्यांनी शेवटच्या शब्दाखाली बोट ठेवलं. "निल. थांबली, अक्का. जिथे थांबायला हवं तिथेच थांबली." मी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मोठ्याने हसले. सासूबाईंनी आतून विचारलं, "सरी, बरं झालं. मग निपाणी नाही ना?" मास्तरांनी दाराकडे तोंड करून दोन्ही तळवे उघडून दाखवले.

नोकरी पक्की झाली. तेच पान पाहून पुढच्या वर्षी मुंबईच्या लोकांनी त्यांना मशीनपाशीच बोलावून घेतलं.

आम्ही दोघी सिटी स्टेशनावर पोचवायला गेलो. सासूबाईंनी दशम्या बांधून दिल्या. गाडी सुटायची वेळ झाली, आम्ही हात वर केले. मास्तरांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. समोरच्या बाकावरच्या फेटेवाल्या गृहस्थांना ते दोन्ही हात हलवून काहीतरी समजावत होते. गृहस्थांनी दशमीचा घास तोंडापर्यंत नेऊन तसाच धरला होता. गाडी हलली. खिडकी पुढे सरकताना एवढंच दिसलं, की त्या गृहस्थांनी घास खाली ठेवला आणि मास्तरांना काहीतरी उलट विचारलं.