तिसऱ्या टाकीतलं विरजण

कापड रंगवण्याच्या कारखान्यात मागच्या अंगाला सांडपाण्याच्या तीन टाक्या होत्या आणि त्या सांभाळणारा एकच माणूस होता. सगळे त्यांना टाकीकाका म्हणत. बावीस वर्षांत नाव विचारायची वेळ कुणावर आली नाही.

टाक्यांतलं पाणी ज्या नाल्यात जायचं, त्याच नाल्याच्या काठी काकांचं घर. आज कारखान्यात कुठला रंग चढलाय हे गल्लीतली पोरंसुद्धा नाल्याकडे बघून सांगत. त्या पाण्यात बेडूक नव्हता की मासा नव्हता. काकांची बायको त्या बाजूची खिडकी कधी उघडत नसे.

अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्या टाकीच्या कोपऱ्यात, गरम पाण्याचा नळ ठिबकतो तिथं, काकांच्या हातून एक निळं फडकं पडलं. आठवड्यानं सापडलं ते पांढरं. काकांनी मुद्दाम लाल टाकून बघितलं, तेही पांढरं. भिंतीवर तपकिरी, बुळबुळीत थर धरला होता आणि त्याच्या भोवतीचं हातभर पाणी नितळ होतं. त्यांनी मॅनेजरला बोलावून दाखवलं. मॅनेजरनं नाकाला रुमाल लावला.

"घाण आहे. काढून टाका."

नियमच होता तसा. दर पंधरा दिवसांनी टाकी रिकामी करायची, खरवडायची, ब्लीचनं धुवायची आणि वहीत 'टाकी पूर्ण स्वच्छ' असं लिहून सही करायची. काका मुकाट्यानं सगळं करत. फक्त खरवडण्याआधी बादलीभर थर बाजूला काढत आणि धुऊन झालं की कोपऱ्यात पुन्हा लावत. त्याला ते विरजण म्हणत. लोकांच्या आनंदावर विरजण पडतं. या माणसाचा सगळा आनंदच त्या विरजणात होता. वहीत मात्र सही तीच, पूर्ण स्वच्छ.

मग एका संशोधन संस्थेतल्या बाई पाण्याचे नमुने घ्यायला आल्या. वयानं लहान, पण न कचरता टाकीत उतरल्या. काकांनी इकडेतिकडे बघून त्यांना कोपरा दाखवला, फडकी दाखवली. बाई एक बाटली भरून घेऊन गेल्या आणि महिन्याभरानं धापा टाकत परत आल्या.

"काका, असा जिवाणू आजवर आम्ही कुणी पाहिलेला नाही. हा रंग खातो. वीज नको, औषध नको. जगात असे मेलेले नाले किती आहेत, माहितीये? सगळे जिवंत करता येतील."

जगाचं काकांना फारसं काही नव्हतं. "आमचा होईल?" त्यांनी विचारलं.

"पहिला तुमचाच."

काका त्या दिवशी घरी गेले आणि त्यांनी खिडकीच्या गंजलेल्या कडीला तेल घातलं.

अडचण एवढीच, की प्रयोगशाळेत बाटलीतला थर तग धरेना, मरून गेला. सोमवारी संस्थेचे मोठे सर स्वतः टाकी बघायला आणि भरपूर नमुना न्यायला येणार होते. त्यांना पटलं तरच पुढचं काम होणार होतं. तोवर कशालाही हात लावू नका, असं बाईंनी काकांना सांगितलं, मॅनेजरलाही सांगितलं.

मॅनेजरनं त्यातलं एवढंच ऐकलं, की मोठे पाहुणे येणार. शनिवारी सकाळी त्यानं हुकूम सोडला, तिन्ही टाक्या लख्ख करा.

"साहेब, ते तेच बघायला येतायत."

"घाण बघायला कोण येतं, काका? उगाच शहाणपणा नको."

काकांनी नेहमीसारखी बादली भरून पंपाच्या खोलीमागे ठेवली आणि टाकी घासायला घेतली. विरजण आहे तोवर त्यांना धास्ती नव्हती. पण ज्या माणसानं जन्मात कागदाशिवाय कशाला हात लावला नव्हता, त्याला नेमकी त्या दुपारी कामाची हुक्की आली. वास मारणारी बादली दिसताच मॅनेजरनं ब्लीचचा अख्खा डबा तीत रिकामा केला आणि काकांना हाक मारली. "बघा, काम असं करायचं असतं."

काकांनी बादलीत हात घातला. थर पांढराफटक पडून बोटांमधून सुटत होता. ते तिथंच पायरीवर बसून रडले. मॅनेजरला वाटलं, ब्लीच डोळ्यांत गेलं.

सोमवारी मोठ्या सरांनी लख्ख टाकीत एकदा डोकावलं आणि वही मागवली. पाण्याचा अभ्यास करणारा माणूस, पण वाचली त्यानं वही. "दर पंधरा दिवसांनी ब्लीच. इथं काय जगणार?"

बाईंचा चेहरा उतरला. तेव्हा काका पुढे झाले आणि बादलीचं सगळं सांगून टाकलं. नोकरीवर पाणी सोडतोय, हे त्यांना बोलतानाच कळत होतं.

"म्हणजे अकरा वर्षं खोटी सही केलीत?"

"हो."

"मग आजचं बोलणं तरी खरं कशावरून?" सरांनी वही मिटली.

बाईंचा शोध म्हणजे नमुन्यात झालेली भेसळ, असं ठरलं. आठवड्यानं काकांना पत्र मिळालं. कामाच्या जागी अस्वच्छता बाळगल्याबद्दल सेवा समाप्त.

त्यानंतर बाई एकदा काकांच्या घरी आल्या. बुटांचे तळवे, जुनी फडकी, खराट्याचा दांडा, सगळं त्यांनी चिमट्यानं खरवडून बघितलं. काही निघालं नाही. जाताना त्यांचा धीर सुटला.

"काका, त्या वहीत एकदा तरी खरं लिहायचं होतंत."

काकांना राग आला नाही. "बाई," ते म्हणाले, "खरं लिहिलं असतं, तर ते पहिल्याच पंधरवड्यात मेलं असतं."