हळदीचं बोट आणि दोन डिस्क

"आधी एक बाजूला काढ," असं म्हणताना मॅडम उजव्या हाताचं बोट आडवं सरकवायच्या. डब्यातल्या भाकरीबद्दल असो की किल्ल्यांच्या जुडग्याबद्दल, बोट तसंच सरकायचं.

त्या कॉलेजात संगणक शिकवायच्या आणि रविवारी कुरुंद्याहून एसटीने येऊन आमच्या वाचनालयाचा सर्व्हर सांभाळायच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मदत करतात, पण आधी झापतात.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली. वडील छापायचे, मी वाटायचे. तांड्यावरच्या म्हाताऱ्यांची गाणी कुणी जपली नाहीत, याला मी विसरभोळेपणा म्हणत नाही, अन्याय म्हणते. म्हणून आम्ही सेनगावकडच्या तांड्यांवर जाऊन ती रेकॉर्ड केली. त्यातल्या काही म्हाताऱ्या पुढे वारल्या. त्यांचा आवाज उरला तो फक्त आमच्या सर्व्हरमध्ये.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहिलं जाई ते त्याच क्षणी दुसरीवरही उतरे. मला वाटायचं, आता काही हरवत नाही. मॅडम हसल्या.

"एक मेली तर दुसरी हाय, बराबर. पण तू चुकून गाणं पुसलंस तर दोन्हीकडून जातंय. ही जोडी लई इमानदार हाय, पोरी. तुझी चूकबी जपती."

म्हणून सिस्टीम बदलायच्या आधी त्या एक डिस्क बाहेर काढून ठेवायच्या आणि नवी सिस्टीम दुसरीवरच चढवायच्या. सगळं नीट चाललं, की मगच बाहेरची आत घालून नवीवरचं तिच्यावर उतरवायचं. बिघडलं, तर उलट, बाहेरचीवरचं आतलीवर. दिशा चुकली की संपलं. ओळख पटावी म्हणून बाहेरच्या डिस्कला त्या हळदीचं बोट लावायच्या. हळदीच्या गावची बाई, दुसरी खूण सुचणार कशी?

एका वर्षी नवी सिस्टीम चढली आणि गाणी उघडेनात. मी परत परत क्लिक करत राहिले.

"घाबरू नको. एक बाजूला हाय."

त्यांनी सर्व्हर बंद केला, बिघडलेली डिस्कही काढून टेबलावर हळदीच्या डिस्कशेजारी ठेवली आणि मला चहाला नेलं. त्या दिवशी खंडेनवमी होती, हे आम्ही दोघीही विसरलो.

परत आलो तर वाचनालयाच्या काकांनी लाल कापड अंथरलेलं. त्यावर कात्री, पंच, बाइंडिंगची सुई आणि शेजारी शेजारी दोन्ही डिस्क. दोघींना हळद, दोघींना कुंकू, वर झेंडूची पाकळी.

"काका, हे काय केलंत?" मी ओरडलेच.

"काहून? एकीला हळद लावलेली अन् दुसरी कोरी. बरं दिसतं का ते?"

मॅडम खळखळून हसल्या. मग दोन्ही डिस्क उचलून उलटसुलट पाहू लागल्या. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, बरोबर घेतलेल्या.

"दोन्ही लावा ना आत, कळेलच," मी म्हणाले.

"अन् मशीननं बिघडलेलीच खरी मानली तर? तुझ्या म्हाताऱ्या परत गाऊन देणार हायत का?"

मी सर्व्हरकडे नेलेला हात मागे घेतला.

त्यांनी एकच डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, फक्त वाचता येईल, तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही अशी. गाणी उघडली नाहीत. ती काढून त्यांनी लांब खिडकीत ठेवली. मग दुसरी लावली. आधी खरखर, मग खोकला, मग गाणं. होळीच्या आधी गेलेल्या म्हातारीचं. काका हातात ताट घेऊन तसेच उभे. मॅडमनी गाणं शेवटपर्यंत वाजू दिलं.

"आता आधी हिची एक नक्कल. जोडीचं मग बघू." मग काकांकडं वळून, "लई तकलीफ दिली तुमच्या पूजेनं."

"पण गाणं लागलं न्हाई का?"

"व्हय. लागलं."

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. कुरुंद्याला त्यांच्या दारात मी उभी होते, आणि मला आत जाववत नव्हतं.

यंदा खंडेनवमीच्याच दिवशी मी सिस्टीम बदलायला घेतली. आधी एक डिस्क काढून लाल कापडावर ठेवली. काका ताट घेऊन आले आणि थबकले. त्यांनी मॅडम बसायच्या त्या खुर्चीकडे पाहिलं.

"बाजूला काढलेली हीच ना?"

"हीच."

काकांनी डिस्कला हळदीचं एक बोट लावलं. बोटावर उरलेली हळद त्यांनी त्या खुर्चीच्या हाताला लावली आणि पुढं कात्रीकडं गेले.