तळ्यावरचा लाल डाग

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीच्या बागेत टाइल्सचं छोटं तळं आहे. चेअरमनच्या मुलीची हळद त्याच्या काठावर झाली आणि काठाच्या पांढऱ्या टाइल्स पिवळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी माळीमामांनी त्या साबणाच्या पावडरने घासल्या, तर डाग लाल झाला. “इथे गुटखा थुंकतोस?” म्हणत चेअरमनने त्यांना कामावरून काढलं.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे जन्मात एकदा तरी कपडे धुतलेल्या माणसाला कळतं. मी चेअरमनना तसं सांगायला गेले, तर म्हणाले, “मॅडम, तुम्ही कशाला टेन्शन घेता?”

आठवडाभराच्या उन्हाने डाग आपोआप उडाला. चेअरमन अजून सगळ्यांना सांगतात, “बघा, तो गेला आणि तळं स्वच्छ झालं.”