ओझीत मावशीच्या जाळ्यातलं भोक

आमच्या सेंत-ओदिल गावात ओझीत मावशीच्या तोंडी कुणी लागत नसे. खाडीकाठच्या निम्म्या होड्यांची जाळी तीच विणायची, आणि बर्फावरच्या हॉकीची खाडी लीग सुरू झाली तेव्हा गोलांची जाळीही तिच्याकडेच आली. अकरा वर्षं ती सगळ्यांना ऐकवायची, "माझ्या जाळ्यातून हेरिंग मासा निसटत नाही, तिथे रबरी चकती काय निसटतेय!"

लीग म्हणजे काय, तर पाच गावं, पगारी खेळाडू आणि खिळखिळ्या बसगाड्या. पण आमचा जीव होता तिच्यात. १९५७च्या मार्चमध्ये कपाचा शेवटचा सामना आमच्या बर्फावर झाला. मिल्सफोर्ड गावाशी दोन-दोन बरोबरी, मिनिटभर उरलेलं. आमच्या अल्सीदने चकती हाणली. गोल झाला की मागचा लाल दिवा लावायचं काम माझं. चकती आत शिरताना मी या डोळ्यांनी पाहिली आणि दिवा लावला. पण ती जाऊन थांबली जाळ्याच्या मागे, बाहेर, आणि जाळ्याला भोक.

मिल्सफोर्डचा मॅनेजर मॅकअलीस माझ्यावर धावून आला. "हा यांचाच माणूस! चकती गोलाच्या बाजूने बाहेर गेली. जाळ्यातलं ते भोक जुनंच आहे!"

पंचाला काहीच दिसलं नव्हतं. तो गोल नाकारणार, एवढ्यात मावशी रबरी बूट घालून बर्फावर उतरली. माझं धाबं दणाणलं. ही बया आता जाळं फाटलंच नाही म्हणून भांडणार आणि कप घालवणार.

"फाटलंय," ती अख्ख्या गावासमोर म्हणाली. "पण आत्ता फाटलंय. वरून डांबर लावलेला दोरा आहे, साहेब, आतून पांढरा. भोक जुनं असतं तर टोकं मळली असती. ही बघा, पांढरीशुभ्र. आणि सगळी बाहेर वळलेली. चकती आतून गेली."

"मग बाई, अकरा वर्षांचा तो तोरा कुठे गेला?" मॅकअलीस खवचटपणे म्हणाला.

"दोरा तुटलाय. गाठ जागेवर आहे. तुझा गोलकीपर होता का जागेवर?"

पंचाने वाकून टोकं चाचपली आणि गोल दिला. लोकांनी आनंदाने पायातले रबरी बूट बर्फावर भिरकावले. दुसऱ्या दिवशी गावात कुणाचीच जोडी जुळत नव्हती.

मे महिन्यात लीग बंद पडली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण कप आमच्याकडून जिंकून न्यायला कुणी उरलंच नाही. आम्ही आजही चँपियन आहोत.

ते जाळं मैदानाच्या दारावर टांगलंय. मावशीने मरेपर्यंत गावातलं प्रत्येक जाळं सांधलं. त्या भोकाला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही.