रबरी माणसाला नमस्कार

ऑफिसात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण होतं. जमिनीवर निजवलेल्या रबरी पुतळ्याला माझा पाय लागला आणि मी सवयीनं वाकून त्याला नमस्कार केला.

"काका, नमस्कार राहू द्या, आधी छाती दाबा," शिकवायला आलेली मुलगी म्हणाली. सगळे हसले. पुतळा तेवढा गंभीर राहिला.

छाती दाबता दाबता दम मलाच लागला, म्हणून बाजूला बसून बघत राहिलो. ऑफिसचा खर्च मी बघतो. या मुलीशी फोनवर घासाघीसही मीच केली होती. तिनं माणशी दर कमी केला नाही, तेव्हा मी माणसंच निम्मी केली. साहेब खूश झाले होते. आता वाटलं, ही खरेदीच विचित्र आहे. लग्नाचं जेवण ठरवलं तर पंगत उठेपर्यंत पैसे वसूल होतात. इथे ते वसूल व्हायचे तर आपल्यातलं कुणीतरी धाडकन पडायला हवं. म्हणजे आधी घासाघीस करायची आणि मग सगळा खर्च वाया जावा म्हणून देव पाण्यात घालून बसायचं.

घरी नमस्काराचा किस्सा सांगितला. बायको पोटभर हसली. मग माझी रक्तदाबाची गोळी पुढे ठेवत तिनं विचारलं, "तुमच्या शेजारी जोशी बसतात ना? त्यांना शिकवलं?"

"नाही. त्यांचं नाव मीच गाळलं."

"मग शिकलेले कुठे बसतात?"

"वरच्या मजल्यावर."

"उद्या तुमचं टेबल वर हलवून घ्या," ती म्हणाली.